मंडपाचे खुंटे

१२ फेब्रुवारी २०२४, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. उत्तनच्या बाजूच्या डोंगरावर नव्या सेलच्या काठावर मी उभी होते आणि खाली, सेलच्या तळाशी, एक माणूस घण घेऊन लोखंडी खुंटा ठोकत होता. सेल म्हणजे कचरा पुरण्यासाठी शास्त्रोक्त पद्धतीने बांधलेला खड्डा. तो ज्या तळावर घण घालत होता, तो तळ तयार करायला आमच्या कंपनीने अख्खा हिवाळा घालवला होता.

मी उतारावरून खाली गेले आणि त्याला थांबवलं. तो मंडपवाला होता. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, शंभर-दीडशे खुर्च्या मांडायच्या होत्या, आणि डोंगरावर एवढी सपाट, स्वच्छ जागा दुसरी नव्हती. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि कौतुकाने म्हणाला, "मॅडम, जमीन एकदम बढिया है. खूंटा मक्खन जैसा जाता है."

जाणारच. खुंट्याच्या टोकाखाली आधी दीड मिलिमीटर जाडीची काळी प्लास्टिकची शीट होती आणि तिच्याखाली थराथराने दाबलेली चिकणमाती. त्या शीटचा प्रत्येक सांधा गरम करून जोडलेला होता. प्रत्येक सांध्यात हवा भरून, दाब टिकतो का ते मी स्वतः तपासलं होतं. जिथे टिकला नाही तिथे सांधा पुन्हा जोडायला लावला होता, आणि त्यावरून वेल्डिंगच्या टोळीच्या शिव्या खाल्ल्या होत्या. या सगळ्या खटाटोपाचा हेतू एका वाक्यात सांगता येतो: कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, ज्याला आम्ही लीचेट म्हणतो, ते जमिनीत उतरू नये. ते शीटवर साचावं, वरच्या खडीतल्या नळ्यांतून वाहावं आणि टाकीत जमा व्हावं. भरावभूमीचं, म्हणजे अशा कचरा पुरण्याच्या जागेचं, सारं शास्त्र या एका शीटच्या अखंडपणावर उभं आहे. बाकी सगळं तपशील.

हा मंडप तळावर का आला, हे नीट सांगितलं पाहिजे, कारण त्यामागे केवळ निष्काळजीपणा नव्हता. त्यामागे विचार होता, आणि तो विचारच अधिक भयंकर होता. सेलचं काम सुरू झालं तेव्हा भूमिपूजन व्हायला हवं होतं. प्रमुख पाहुण्यांना वेळ नव्हता. कंत्राटाची मुदत थांबायला तयार नव्हती, म्हणून काम भूमिपूजनाशिवाय सुरू झालं. सेल पूर्ण झाल्यावर पाहुण्यांना वेळ मिळाला, तेव्हा आमच्या प्रकल्पप्रमुखांनी ठरवलं की दोन्ही एकाच दिवशी उरकायचं: साडेदहाला भूमिपूजन आणि अकराला लोकार्पण. ज्या भूमीचं पूजन नुकतंच झालं, तिच्यावरचं बांधकाम अर्ध्या तासानंतर जनतेला अर्पण करण्यात त्यांना काहीही विसंगत वाटत नव्हतं. विसंगत वाटली ती शीट. कुदळ मारायला माती दिसायला हवी, आणि माती तर शीटखाली झाकलेली. तेव्हा त्यांनी सेलच्या मध्यभागी कटरने एक चौकोन कापून घेतला.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले, तेव्हा ते निमंत्रणपत्रिकेवरच्या नावांचा क्रम लावत होते. मी म्हटलं, चौकोन कापलाय, निदान तो दिसतो तरी. खुंट्यांची भोकं दिसणार नाहीत. मंडपाचे खांब वाळू भरलेल्या पिंपांत उभे करता येतील, मंडपवाल्याची त्याला तयारी आहे, फक्त अर्धा दिवस जास्त लागेल.

"मॅडम, भूमिपूजनाला भूमी लागते," ते म्हणाले. "आणि खाली तीन फूट चिकणमाती आहे ना? तुम्हीच तर दाबून घेतलीत."

हा युक्तिवाद मी नंतर अनेक पदवीधरांच्या तोंडून ऐकला. शीट आहे, म्हणून माती थोडी कमी दाबली तरी चालते. माती आहे, म्हणून शीटला भोक पडलं तरी चालतं. छत्री फाटली तरी अंगात शर्ट आहे, असं म्हणण्यासारखंच हे आहे. दोन थर असतात ते एकाने दुसऱ्यावर ढकलण्यासाठी नसतात. शीट पाणी अडवते आणि मातीला घट्ट चिकटून राहते. त्यामुळे एखादं अदृश्य छिद्र राहिलंच, तरी त्यातून सुटलेला थेंब मातीत अडकतो. खुंटा मात्र दोन्ही थर एकदमच भेदतो. त्याला तर्क कळत नाही, तेव्हा तो फसतही नाही.

कार्यक्रम झाला. पाहुणे दीड वाजता आले. सेलच्या तोंडाशी प्रकल्पप्रमुखांच्या छायाचित्राची भलीमोठी कमान होती, आत लाल गालिचा होता आणि एका कोपऱ्यात कांदाभजी तळली जात होती. गरम तेलाचा डबा थेट शीटवर ठेवलेला मी पाहिला आणि उचलायला लावला. माझ्याजवळ बसलेल्या एका अधिकाऱ्याने ही काळी जमीन कसली, असं विचारलं. मी समजावून सांगू लागले, तर त्यांनी शेजाऱ्याला भजी आणायला पाठवलं.

हे सगळं कोणासाठी महत्त्वाचं होतं? डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. मोगरा, थोडी भाजी, चार नारळ, एक विहीर आणि विहिरीच्या कठड्यापाशी पांढरा क्रूस. वाडीची मालकीण एक ख्रिस्ती बाई आहे, साठीच्या पुढची. मुलगा आखातात, सून नोकरीला. मी तिला आंटी म्हणते, ती मला बाय म्हणते. तिच्या घरात नळ आहे, पण त्याला पाणी येईल तेव्हा येतं, म्हणून पिण्याचं पाणी ती विहिरीतूनच काढते. डोंगराचा खडक वरून सलग दिसतो, पण आतून भेगाळ आहे आणि त्या भेगांचा उतार तिच्या वाडीकडे आहे. सेलच्या तळातून काही सुटलं, तर ते ज्या पहिल्या पाण्याला भेटेल ते तिच्या घागरीतलं. काम सुरू होण्याआधी मी त्या विहिरीचे नमुने घेतले होते. पाणी निर्मळ होतं. अमोनिया मीटरला जाणवण्याइतकासुद्धा नव्हता. आंटीला ते सांगितल्यावर ती फारशी प्रभावित झाली नाही. तिच्या सासूने तीच विहीर पाहून घर निवडलं होतं, असं तिने मला कळवलं.

कार्यक्रमानंतर मंडपवाल्याने खुंटे उपटले आणि तो गेला. किती ठोकले हे त्याला आठवत नव्हतं, आठवायचं कारणही नव्हतं. चौकोनी भोकावर ठिगळ बसलं. त्याचे फोटो निघाले, अहवालात लागले, आणि प्रकल्पप्रमुखांच्या दृष्टीने प्रश्न मिटला. दुसऱ्या आठवड्यात खडीचे डंपर यायचे होते. एकदा खडी पसरली की भोकं कायमची झाकली जाणार होती. त्याआधी, शीट अखंड आहे, अशा कागदावर तीन सह्या लागत होत्या. त्यांतली एक माझी.

याच सुमारास कंपनीच्या सगळ्या भरावभूमींच्या पर्यावरण निरीक्षणाचं प्रमुखपद भरायचं होतं. ते मला हवं होतं. हे मी लपवून ठेवलेलं नाही. महत्त्वाकांक्षा ही माझ्या घरात लाजायची गोष्ट नाही. वडील मराठवाड्यातून इथे नोकरीला आले ते आमच्या आधीच्या पिढ्यांच्या हातातली घाण आमच्या हाताला लागू नये म्हणून. मी एम.एस्सी. झाले आणि भरावभूमीवर रुजू झाले, तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पूनम सागरमधल्या आमच्या सोसायटीत एका काकूंनी आईला जिन्यात गाठून, एवढं शिकून शेवटी कचराच ना, असं हळहळत विचारलं होतं. याच काकू ओला कचरा, सुका कचरा, औषधांच्या बाटल्या आणि नातवाचे डायपर एकाच पिशवीत गाठ मारून दाराबाहेर ठेवतात. आपली पिशवी दारातून उचलली गेली की ती विश्वातून नाहीशी होते, अशी त्यांची श्रद्धा आहे. ती कुठे जाते हे ज्या मुलीला ठाऊक आहे, तिच्याबद्दल त्यांना कीव वाटते.

प्रकल्पप्रमुखांनी मला बोलावून चहा मागवला. ते अतिशय गोड बोलले. त्या पदासाठी माझंच नाव पाठवणार आहेत, म्हणाले. फक्त व्यवहारज्ञान थोडं वाढवायला हवं.

"शीट तपासू द्या, मग सही करते," मी म्हटलं.

"अहो, सगळे सांधे तुम्हीच तपासलेत."

"तेव्हा त्यावर मंडप नव्हता."

ते हसले. केबिनमधला लेखापालही हसला, कारण ते हसले होते.

मी सही केली नाही. दिवस जात राहिले, खडीचे डंपर परत गेले आणि कचरा टाकायची जुनी जागा भरत आली. शेवटी प्रकल्पप्रमुखांनी, एकदाची तुमची हौस फिटू दे, म्हणत मला दोन दिवस दिले. माझ्या मागणीला त्यांनी हौस म्हटलं, याचा मला आजही राग नाही. माणूस ज्या गोष्टीसाठी स्वतः घाम गाळत नाही, तिला हौसच म्हणतो.

चाचणी सोपी आहे. प्लास्टिकच्या शीटमधून वीज वाहत नाही. शीटवर वीतभर पाणी भरायचं, एक तार पाण्यात सोडायची, दुसरी सेलबाहेरच्या मातीत गाडायची. जिथे भोक असेल तिथून विजेचा प्रवाह खाली निसटतो, आणि त्या जागेजवळ गेलं की हातातल्या दांड्याचं मीटर उसळतं. गमबूट घालून मी आणि एक तंत्रज्ञ पट्ट्यापट्ट्याने तो तळ चाललो. मीटर उसळलं की मी कागदावर ठिपका काढत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कागद दूर धरून पाहिला आणि त्या ठिपक्यांत मला संपूर्ण मंडप दिसला. व्यासपीठाचे चार कोपरे, खुर्च्यांच्या दोन्ही बाजूंच्या रांगा, मान्यवरांच्या सोफ्यामागचा पडदा आणि वेगळा उभारलेला भज्यांचा कोपरासुद्धा. कोण कुठे बसलं होतं, हे त्यावरून सांगता आलं असतं. एका समारंभाचा इतका विश्वासू दस्तऐवज मी दुसरा पाहिलेला नाही.

ठिगळं बसवली गेली, आणि त्या प्रत्येक ठिगळाची मी चाचणी घेतली. उरली फक्त कमानीची जागा. कमान सेलच्या तोंडाशी होती, आणि माझी सही अडलेली असताना, वेळ वाया जाऊ नये म्हणून, नेमका तिथेच डंपर उतरण्यासाठी मातीचा रॅम्प रचून झाला होता. पुरुषभर मातीखाली वीज मला काहीच सांगत नव्हती. कमान सर्वांत जड होती, तिचे खांब सर्वांत खोल गेले असणार, तेव्हा रॅम्प हलवावा लागेल, असं मी सांगितलं. प्रकल्पप्रमुख म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू. मी म्हटलं, पाणी पावसाळ्यातच उतरतं.

माझ्या सहीच्या जागी मग एका सल्लागाराची सही आली. ते ज्येष्ठ होते, अनुभवी होते आणि सेलमध्ये त्यांनी कधीही पाऊल टाकलेलं नव्हतं. प्रमुखपद एका सहकाऱ्याला मिळालं. त्याची भाषणं चांगली होतात. माझ्याकडे परिसरातल्या विहिरींचे नमुने घेण्याचं काम आलं. ही शिक्षा आहे हे सर्वांना कळावं, म्हणून गाडी काढून घेण्यात आली. त्या साइटवर एकच काम असं होतं, ज्याचं उत्तर वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून नव्हतं. शिक्षा म्हणून त्यांनी मला नेमकं तेच दिलं. मी आभार मानले. त्यांना ते कळलं नाही.

उन्हाळ्यात पहिला कचरा पडला. दिवसाचं काम संपलं की कचरा दाबून त्यावर वीतभर माती टाकावी, हा भरावभूमीचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त नियम. त्याने पावसाचं पाणी आत कमी जातं, आग लागत नाही, दुर्गंधी आणि कुत्री दूर राहतात. आमच्याकडे माती पडत होती ती रस्त्यावरून दिसणाऱ्या उतारावर. मागची बाजू उघडी राही, कारण मागच्या बाजूने कोणी पाहणी करत नसे. पाहणीच्या दिवशी मात्र सुगंधी फवारा उडे, आणि पाहुणे नाकाने खात्री करून घेऊन समाधानाने परतत. पाऊस सुरू झाला तेव्हा त्याने पाहणीची बाजू विचारली नाही.

पावसाळा संपल्यावर आंटीच्या विहिरीच्या पाण्यात मला अमोनिया सापडला. प्रतिलिटर १.४ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात तो अर्ध्याच्या वर असू नये. पाणी दिसायला तसंच निर्मळ होतं. मी दुसरा नमुना घेतला, दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला, आणि तिथूनही तेच उत्तर आलं. प्रकल्पप्रमुखांनी ते वाचलं आणि शांतपणे म्हणाले की समुद्र जवळ आहे, खारं पाणी आत आलं असेल. मी त्यांना सांगितलं की समुद्र आला असता तर मीठ घेऊन आला असता. मीठ होतं तेवढंच आहे. अमोनिया कुजण्यातून येतो आणि त्या डोंगरावर कुजणारी वस्तू एकच आहे. त्यावर त्यांनी, तुम्ही नकारात्मक फार बोलता, असं निदान केलं.

आंटीला सांगायला मी त्याच दिवशी गेले. ती ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. मी म्हटलं, आंटी, हे पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकालाही वापरायचं नाही. उकळून उपयोग नाही.

"ह्या पान्यानं आमच्यात कोन मेला न्हाय," ती म्हणाली. "माजा घोव गेला तो पन दारूनं."

"आधी पाणी चांगलं होतं. आता नाही."

"चव तर तीच हाय."

"चवीला कळत नाही, आंटी."

तिने थोडा वेळ कळ्या निवडल्या. मग विचारलं, "वरती तुमी लोकांनी काय केला?"

मी सांगितलं. मंडप, खुंटे, कमान. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

"पूजा करायला गेले नि भोक पारला," ती म्हणाली. मग पदराला हात पुसत उठली आणि घागर पालथी घातली. "तू सांगते म्हनून न्हाय पीत. पन मोगऱ्याला काय सांगू, बाय?"

मोगऱ्याला चालेल, मी म्हटलं. ते खरं होतं, पण त्या उत्तराने तिचं काहीच भागणार नव्हतं. टँकरचं पाणी वाडीपर्यंत यावं यासाठी मी पत्रं लिहिली, आणि सून ऑफिसातून येताना पाण्याचा मोठा जार आणू लागली. बाकीचा बंदोबस्त आंटीने स्वतः केला. रविवारी चर्चच्या बाहेर तिने ही गोष्ट अशी काही सांगितली, की सोमवारी साइटच्या फाटकावर वीसेक बायका उभ्या होत्या. प्रकल्पप्रमुख त्यांना दोन हात जोडून भेटले आणि चहा देऊ लागले. एकीने विचारलं की चहाचं पाणी कुठल्या विहिरीचं आहे. तेव्हा ते माझ्याकडे बघायला लागले, जणू हा प्रश्न मी शिकवला होता. मी शिकवला नव्हता. शिकवायला मला आवडलं असतं.

रॅम्प निघाला तो दिवाळीनंतर. या बायकांमुळे निघाला असं मी अभिमानाने लिहिलं असतं. पण खरं कारण हे की पावसाने तो खचला होता आणि डंपर घसरू लागले होते. कंपनीत कोणतीही योग्य गोष्ट योग्य कारणासाठी घडलेली मी पाहिलेली नाही. पोकलेनने माती उचलली, तशी मी खाली उतरले. शीटमध्ये दोन भोकं होती, मुठीएवढी, एकमेकांपासून बरोबर कमानीच्या रुंदीच्या अंतरावर. त्यांच्या कडा काळ्या आणि चिकट होत्या. प्रकल्पप्रमुख काठावरून पाहत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला: याचे फोटो काढलेत का?

काढले होते. मुख्य कार्यालयाला पाठवलेही होते, त्यांचा प्रश्न येण्याआधी.

भोकं बुजवली, त्यांच्याखालची खराब माती काढली, नवी माती दाबून बसवली, आणि या वेळी शीटच्या कागदावर सही माझी होती. भूमिपूजन नव्हतं. प्रकल्पप्रमुखांची बदली झाली, बढतीवर, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या भरावभूमीवर. निरोपसमारंभ झाला. मंडप मात्र सेलबाहेर, पार्किंगमध्ये होता. एवढीच त्या वर्षीची तांत्रिक प्रगती.

खडकाच्या भेगांत जे उतरलं ते काही भोक बुजवल्याने परत येत नाही. ते आपल्या गतीने वाहून जाईल, विरळ होईल, आणि त्याला किती काळ लागेल हे मला ठामपणे सांगता येत नाही. जे ठामपणे सांगतात, त्यांनी कधी मोजलेलं नसतं. रॅम्प निघाला तेव्हा विहिरीचा आकडा २.३ वर गेला होता. पुढच्या महिन्यात तेवढाच होता. आंटी दर वेळी पोहरा स्वतः सोडते, मला सोडू देत नाही, आणि मी बाटली भरत असताना एकच विचारते: पानी बरा झाला काय? नव्या प्रकल्पप्रमुखांनी परवाच्या सादरीकरणात ताज्या आकड्यावर हिरवा बाण काढला आणि खाली लिहिलं, लक्षणीय सुधारणा. माझ्या मीटरची चूकच ०.२ आहे. एवढ्या फरकाला मी उतार म्हणणार नाही, आणि आंटीला तसं सांगणारही नाही. घागर अजून पालथीच आहे. ताजा नमुना, मीटर दोनदा शून्यावर आणून, पुन्हा पुन्हा मोजलेला: प्रतिलिटर २.१ मिलिग्रॅम.